उघडिपीतलं पाऊल

वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात. बाकीचे सहा दिवस तिकीट काढून आत आलेला माणूस बहुधा सरळ सोळाव्या लेण्याकडे जातो, कारण कैलास समोरच उभा असतो. तिथे फोटो. वेळ उरला तर दहावं लेणं, पाय दुखत नसतील तर टोकाची जैन लेणी, आणि परतताना घृष्णेश्वराचं दर्शन. रात्री नातेवाइकांना फोन जातो, "वेरूळ बघून झालं." चौतीस क्रमांकांची लेणी, पिढ्यान्‌पिढ्या चाललेला छिन्नीचा आवाज, आणि दोन-अडीच तासांत सगळं बघून होतं.

'बघून होणं' हा आपला रोजचा शब्दप्रयोग. पेपर वाचून होतो, जेवण आटोपतं, मुलांचा अभ्यास उरकतो, दिवस जातो. पण याच मराठीत आणखी एक क्रियापद आहे, 'दिसणं'. 'मी पाहिलं' म्हणताना 'मी' पुढे असतो. 'मला दिसलं' म्हणताना तो एक पाऊल मागे सरतो आणि दिसलेली वस्तू पुढे येते. 'मला भिंतीवर पाल दिसली' या वाक्याचा कर्ता पाल आहे. व्याकरणातला हा छोटासा फरक हायकू समजून घ्यायला फार उपयोगी पडतो, कारण हायकू ही दिसण्याची कविता आहे. तीन ओळींत एक क्षण जसा दिसला तसा ठेवायचा आणि आपण बाजूला व्हायचं. वाचणाऱ्याला तो क्षण दिसला तर हायकू जमला.

एवढं सोपं असेल तर त्याची ओळख करून द्यायला प्रस्तावना कशाला? सोपं असूनही ते सहज होत नाही, म्हणून.

वेरूळचंच दहावं लेणं घ्यावं. नाव विश्वकर्मा, परिसरातले लोक त्याला सुताराची झोपडी म्हणतात. आत गेल्यावर वर पाहिलं की नावाचा उलगडा होतो. कमानदार छताला दगडाच्या फासळ्या आहेत, हुबेहूब लाकडी वाशांसारख्या. वाशांची तिथे काडीचीही गरज नाही, डोंगरच छत आहे. पण लाकडी चैत्यगृहांची सवय कोरणाऱ्यांच्या हातात होती आणि ती दगडात उतरली. स्तूपापुढे बुद्ध पाय खाली सोडून बसला आहे, शिकवण्याच्या मुद्रेत. दर्शनी भागातल्या गवाक्षातून उजेड आत येतो. आत कुणी हलकेच खाकरलं तरी आवाज छतापर्यंत जाऊन परत येतो, आणि माणूस आपोआप पाऊल हळू टाकू लागतो.

इथे जी शिकवण दगडात बसवली आहे तिच्यात 'सति' हा पाली शब्द फार मोलाचा. संस्कृतात स्मृती. मात्र पालीत त्याचा रोख गेलेल्या काळापेक्षा चालू क्षणाकडे अधिक आहे. श्वास आत येतो आहे हे कळणं, पाऊल उचललं जातं आहे हे कळणं. १८८१ मध्ये पालीचे इंग्रज अभ्यासक ऱ्हिस डेव्हिड्स यांनी त्यासाठी 'माइंडफुलनेस' हा शब्द वापरला. १९७९ मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये जॉन कबात-झिन यांनी दुखण्याने आणि ताणाने त्रासलेल्या रुग्णांसाठी त्याच कल्पनेवर अभ्यासक्रम सुरू केला. तोच शब्द आता मोबाइलच्या ॲपवर बसून छत्रपती संभाजीनगरच्या कचेऱ्यांत परत आला आहे. मराठीत त्याला चांगला घरचा शब्द आहे: भान. दूध उतू जाताना आई म्हणते, "भान कुठंय तुझं?" मूल रस्ता ओलांडताना बाप म्हणतो, "भान ठेवून चाल." हे भान शिकायला डोळे मिटून बसावंच लागतं असं नाही. उघड्या डोळ्यांनीही ते शिकता येतं, आणि हायकू हा त्याचा एक जुना मार्ग आहे.

ध्यान, पालीत झान, चीनमध्ये चान, जपानमध्ये झेन. हा शब्द भारतातून निघाला आणि समुद्रापलीकडे जाऊन तिथला झाला. हायकूचा सगळ्यांत मोठा कवी बाशो (१६४४-१६९४) बुच्चो नावाच्या झेन भिक्षूकडे शिकला होता. तरीही प्रत्येक हायकूत अध्यात्म शोधत बसणं बरोबर नाही. हायकूत बेडूक असला तर तो आधी बेडूकच असतो. त्याला लगेच जीवात्म्याचं प्रतीक करून टाकलं की बेडूक हातचा जातो आणि जीवात्माही नीट सापडत नाही.

बाशो हे त्याचं जन्मनाव नव्हे. तो एदोजवळ, म्हणजे आजच्या तोक्योत, नदीकाठच्या झोपडीत राहायला गेला तेव्हा एका शिष्याने अंगणात केळीचं रोप आणून लावलं. जपानीत त्या केळीला म्हणतात बाशो. तिकडच्या थंडीत केळ फळाला येत नाही. पानं मोठी होतात आणि वाऱ्याने फाटतात. कवीला ती फाटकी, निरुपयोगी केळ इतकी आवडली की लोकांनी झोपडीला आणि नंतर त्यालाही तेच नाव दिलं. सत्यनारायणाच्या चौरंगाला केळीचे खांब बांधणाऱ्या मराठी माणसाला हे नाव परकं वाटू नये. १६८९ मध्ये हाच बाशो सोरा नावाच्या शिष्याला घेऊन उत्तरेकडे निघाला आणि सुमारे पाच महिने बहुतेक पायीच फिरला. वाटेत जे दिसलं ते गद्यात, आणि अधूनमधून हायकूत लिहीत गेला. आपल्याकडची वारी डोळ्यांपुढे आणली तर त्या चालण्याची थोडी कल्पना येते, फक्त त्याच्या वाटेच्या शेवटी विठ्ठल नव्हता.

बाशोनंतर शंभर वर्षांनी आलेल्या इस्साने माश्या, पिसवा, गोगलगायी यांच्यावर शेकडो हायकू लिहिले. स्वतःची मुलं लहानपणीच गमावलेला हा माणूस चिमुकल्या जिवांशी शेजाऱ्यांशी बोलावं तसं बोलतो.

आणि शिकी. मासाओका शिकी (१८६७-१९०२) यांचं चरित्र हायकूकडे वळणाऱ्या प्रत्येकाने जाणून घ्यावं. या कवितेला 'हायकू' हे आजचं नाव रूढ झालं ते त्यांच्यामुळे. त्याआधी लांबलचक साखळीकवितेची ती पहिली कडी होती, 'होक्कू'. चित्रकार समोर बसून रेखाटन करतो तसं लिहावं, हा त्यांचा आग्रह. क्षय मणक्यात शिरला आणि ते अंथरुणाला खिळले. तोक्योतलं छोटं घर, छोटी बाग. शिष्याने खोलीच्या दाराला काच बसवून दिली, तेव्हा पडल्यापडल्या बाहेरचं दिसू लागलं. बागेत घोसाळ्याचा वेल होता, त्याचं पाणी कफावर औषध म्हणून देत. मृत्यूच्या आदल्या दिवशी त्यांनी पडूनच शेवटचे तीन हायकू लिहिले, घोसाळ्यावर. वय चौतीस. जपानात त्यांची पुण्यतिथी आजही घोसाळ्याच्या नावाने ओळखली जाते. कुशीवर वळणंही जड जात असताना त्या माणसाने काचेपलीकडचं जग पाहणं सोडलं नाही. हे धैर्य कोणत्याही शौर्यकथेपेक्षा कमी नाही.

भारतीय वाचकाला हायकूची गोडी लावणाऱ्यांत रवींद्रनाथ ठाकूर अग्रभागी होते. १९१६ मध्ये ते जपानला गेले आणि 'जापानयात्री'त त्यांनी या कवितांचे बंगाली अनुवाद दिले. मराठीत हायकू रुजवला तो शिरीष पै (१९२९-२०१७) यांनी. कथा, कविता, नाटक, पत्रकारिता असं बरंच काही करून झाल्यावर १९७०च्या दशकात त्या या तीन ओळींकडे वळल्या आणि पुढे आयुष्यभर तिथेच रमल्या. 'ध्रुवा' हा त्यांचा हायकूसंग्रह. पुढे आणखी आले. जपानी सतरा उच्चारघटकांची मोजदाद त्यांनी मराठीवर लादली नाही. तीन ओळी ठेवल्या आणि त्यांतल्या दोन ओळींत यमक साधलं. त्यांच्या मागून लिहिणाऱ्या अनेकांनी हाच साचा घेतला.

इथे एक योगायोग नोंदवायलाच हवा. शिरीष पै या आचार्य अत्र्यांच्या कन्या. खानदेशातल्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरींची गाणी १९५२ मध्ये पुस्तकरूपाने आली ती अत्र्यांच्या प्रस्तावनेसह. शेतात, चुलीपुढे, जात्यावर काम करता करता सुचलेली ती गाणी. अक्षरओळख नसलेल्या बाईने रचलेली आणि मुलाने, सोपानदेवांनी, टिपून ठेवलेली. वडिलांनी मराठीपुढे ठेवली कामातून उगवलेली कविता, आणि मुलीने आणली क्षणातून उगवलेली. दोन्ही कवितांना वेगळी खोली, वेगळा वेळ, वेगळी मनःस्थिती लागत नाही. हात कामात आणि डोळे जागे असले की झालं.

जात्यावरच्या ओव्यांचं तर भांडारच आहे. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या गावागावांतून गोळा केलेल्या ओव्यांची संख्या एक लाखाच्या वर जाते. पहाटे दळायला बसलेली बाई खुंटा फिरवता फिरवता अंगणातली तुळस, माहेरची वाट, लेकाची टोपी असं काहीही दोन-तीन ओळींत गुंफायची आणि दळण संपलं की उठायची. आणखी मागे गेलं तर पैठण आहे, वेरूळपासून वाहनाने दोन-अडीच तासांवर. सातवाहनांच्या त्या राजधानीशी नातं सांगणारी हालाची गाथासप्तशती म्हणजे महाराष्ट्री प्राकृतातल्या सातशे सुट्या गाथा. प्रत्येक गाथा दोन ओळींची. आत शेत, पाऊस, गोदाकाठ, प्रवासाला गेलेला नवरा. आणि वेरूळातच, जुन्या एळापुरात, चक्रधरस्वामींचा मुक्काम होता. म्हाइंभटांनी संकलित केलेल्या लीळाचरित्रात स्वामींचं चालणं, जेवणं, बोलणं लहान लहान प्रसंगांत टिपलं आहे. यातलं काहीही हायकू नाही, आणि तसा दावा करणं चुकीचं ठरेल. ओवीत गाणारी बाई स्वतःचं मन मोकळं करते, गाथेत बहुतेकदा शृंगाराची सूचना असते. पण थोडक्यात सांगणं आणि डोळ्यांपुढचं सांगणं या दोन गोष्टी मराठीला जपानकडून उसन्या घ्याव्या लागल्या नाहीत, एवढं यातून नक्की कळतं.

मोजणीचंही तसंच. जपानी हायकूत पाच, सात, पाच असे सतरा 'ओन' असतात. ओन म्हणजे आपलं अक्षर नव्हे. तो मात्रेच्या जवळचा आहे, दीर्घ स्वराला दोन धरणारा. 'तोक्यो' हा शब्द जपानी माणूस तो-ओ-क्यो-ओ असा चार मोजतो. मराठी कवीला हे शिकवावं लागत नाही, लघूची एक आणि गुरूच्या दोन मात्रा तो शाळेतच शिकलेला असतो. या हिशेबाने 'वेरूळ' या शब्दाच्या दोन, दोन आणि एक मिळून पाच मात्रा होतात. 'कैलास'च्याही पाचच. हायकूची पहिली ओळ गावाच्या नावातच तयार आहे! तरी सतरा मात्रांत मराठी वाक्य फार आखडतं, म्हणून मोजणीचा हट्ट धरू नये हे बरं. जपानी कवितेत 'या', 'काना' असे अर्थापेक्षा थांबा सुचवणारे शब्द येतात. मराठीला त्यासाठी यती पुरेशी आहे. पहिल्या ओळीनंतर श्वास थांबला की दोन चित्रं वेगळी होतात आणि मधल्या जागेत वाचणारा येऊन बसतो.

हे प्रत्यक्षात कसं होतं ते एका उदाहरणाने पाहू. श्रावणातली सकाळ, कैलास लेणं, नुकताच थांबलेला पाऊस. वरच्या मजल्यावर नंदीमंडपात एक पारवा येऊन नंदीच्या पाठीवर बसतो. वही उघडून लिहिणारा पहिल्यांदा लिहितो, की पावसानंतर लेण्यात मन कसं प्रसन्न झालं, आणि एक पारवा नंदीवर येऊन बसला, जणू महादेवाच्या भेटीलाच आला. यात खोटं काही नाही. पण 'प्रसन्न' शब्द वाचून कुणीही प्रसन्न होत नाही; तो निकाल आहे आणि पुरावा बाहेरच राहिला. 'जणू' आला की पारवा गेला, उरली ती लिहिणाऱ्याची कल्पना. दोन्ही शब्द खोडले तर उरतो नंदी, पारवा आणि थांबलेला पाऊस. ते पुरेसं नाही, म्हणून पुन्हा पाहायचं. पारवा आता उडून गेला आहे. तो बसला होता तिथे दगडावर ओल्या पायाची खूण आहे, तीन बोटं पुढे, एक मागे. ती कडेने फिकी होत चालली आहे. एवढ्यासाठी गुडघ्यांवर वाकावं लागतं, मागून येणाऱ्यांना जागा द्यावी लागते, मिनिटभर थांबावं लागतं. मग वहीत उरतं ते असं:

पावसाची उघडीप
नंदीच्या पाठीवर वाळत जाते
पारव्याचे एक पाऊल

हायकू थोर झाला की साधा राहिला हा मुद्दा गौण. तो लिहिताना जे मिनिट गेलं ते पूर्ण जगलं गेलं. लिहिणाऱ्याने पहिल्यांदा पारवा पाहिला होता, पाऊल मात्र त्याला नंतर दिसलं.

रोजच्या घरात नंदी नसतो. पण कुकरच्या शिट्टीनंतर खिडकीच्या काचेवर जमलेली वाफ असते, एसटीच्या खिडकीबाहेर धरलेल्या हातावर पडणारं ऊन असतं, शाळेतून परतलेल्या मुलाच्या बुटातून सांडणारी वाळू असते. जपानमध्ये हे इतकं अंगवळणी पडलं आहे की वृत्तपत्रांत वाचकांच्या हायकूंची सदरं चालतात, आणि १९८९पासून एक चहाची कंपनी सामान्य लोकांनी पाठवलेले हायकू निवडून ग्रीन टीच्या बाटल्यांवर छापते. शाळकरी मुलांपासून आजी-आजोबांपर्यंत सगळे लिहितात. त्यांतले फार थोडे कवी म्हणून ओळखले जातात आणि तशी कुणाची अपेक्षाही नसते.

हायकूला औषधाची गोळी समजणाऱ्यांना मात्र सांगायला हवं, की तो दुःख घालवत नाही. इस्साची मुलं परत आली नाहीत आणि शिकींचा मणका बरा झाला नाही. नैराश्याने ग्रासलेल्या माणसाला वही देऊन डॉक्टर टाळायला सांगणं हा गुन्हा आहे. हायकू फार तर एवढं करतो, की दुःखाच्या दिवशीही घोसाळ्याचा वेल दिसत राहतो.

आता राहिला ऋतू. जपानी परंपरेत हायकूत ऋतू सांगणारा एक शब्द असतोच, आणि अशा शब्दांचे जाडजूड कोश तिथे असतात. चंद्र म्हटला की शरद, बेडूक म्हटला की वसंत. इथेच मराठी कवींची गाडी अनेकदा रुळावरून घसरते. चेरीचा बहर आणि हिमवर्षाव आपल्या ओळींत येऊन बसतात, आणि गारठलेल्या हिवाळ्याचा, वळवाच्या धुळीचा पत्ताच राहत नाही. आपला बेडूक वसंतातला नाही. तो पावसाचा. पंचांगात तर तो नक्षत्राचं वाहन होऊन येतो, आणि वाहन बेडूक असलं की गावातली जुनी माणसं भरपूर पावसाचा भरवसा धरतात.

मराठी माणसाला ऋतुशब्दांचा कोश नव्याने छापायची गरज नाही. तो भिंतीवर खिळ्याला लटकलेला आहे. आठ जूनच्या आसपास मृग, मग आर्द्रा, पुनर्वसूचा तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा, पुढे आश्लेषा, मघा, पूर्वा, उत्तरा, आणि सप्टेंबरच्या अखेरीस गडगडत येणारा हस्त. तेरा-चौदा दिवसांचं एकेक नक्षत्र. नक्षत्रांच्या पलीकडेही शब्द आहेतच: उघडीप, झड, वळीव, हुरडा, मोहोर, चैत्रपालवी, सुगी. रस्त्याकडेला पाटीत सीताफळं दिसू लागली की खुलताबादच्या वाटेवर ऋतू बदलल्याची द्वाही फिरते. डोंगरउतारावर पळस पेटला की फाल्गुन आला. कोरडवाहू शेती करणाऱ्यांना हे शब्द कवितेसाठी लागत नव्हते, पेरणीसाठी लागत होते. आभाळाकडे पाहणं ही त्यांची पोटाची गरज होती. आज शहरात राहणाऱ्या त्यांच्या नातवंडांना पावसाचा अंदाज मोबाइलवर येतो आणि आर्द्रा कधी निघाल्या ते कळतही नाही. हायकूची वही सुरू करणाऱ्याने म्हणून पानाच्या डोक्यावर तारखेशेजारी चालू नक्षत्राचं नाव लिहावं. एवढ्याने काही आठवड्यांत आभाळाकडे मान वर जाऊ लागते.

मृगाचा पहिला पाऊस झाला की मराठवाड्याच्या मातीतून मखमली लाल किडे वर येतात. मृगाचे किडे. आकार ज्वारीच्या दाण्याएवढा, रंग कुंकवासारखा, अंगावर मऊ लव. वेरूळच्या आसपासच्या वाड्यावस्त्यांवर मुलं ते शोधायला पहिल्या उघडिपीत बाहेर पडतात. सापडलेला किडा तळहातावर घेतला की तो पाय आखडून गप्प होतो, मेल्यासारखा. मूल हात हलवत नाही. घरातून हाक येते तरी ओ देत नाही. तोंड उघडं, नजर तळहातावर. मग एक पाय बाहेर येतो, दुसरा येतो, आणि किडा अंगठ्याच्या दिशेने चालू लागतो.